भिंतीपलीकडचे गोल

सामना दुपारी होता आणि बाबा सकाळपासून दात घासत बसले होते. स्वतःचे नव्हे, रंगारीकाकांचे.

मागच्या खोलीत मोटरचं चाक घुंई घुंई फिरत होतं. कवळी चाकाला लावायची, काढायची, अंगठ्याने चाचपायची, पुन्हा लावायची. बाबांनी जन्मभर हेच केलं. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवतात, बाबा त्यावरून मेणात आणि प्लॅस्टरमध्ये खटपट करून कवळ्या तयार करून देतात. रस्त्यात कुणी हसत समोरून आलं की ते माणसाला ओळखत नाहीत, पण माझ्या कानाशी पुटपुटतात, "वरची माझी." त्या चाकानेच त्यांचे कान निम्मे खाल्ले आहेत. तरी स्वतःला कमी ऐकू येतं हे त्यांना मान्य नाही. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं म्हणणं.

"आता पुरे करा," आई दारातून ओरडली. "झिजून जायची ती. माणूस अंथरुणाला खिळलाय आणि तुम्ही त्याला नवरदेवाचे दात करून देताय. पातळ तर खातो सगळं. चावायचंय काय त्याला?"

"चावण्यासाठी नाहीयेत," बाबा म्हणाले. "चावताना कुठलीही कवळी बसते. नीट बसलीय की नाही ते हसल्यावर कळतं. हसताना पडली नाही, तर ती खरी."

"हसण्यासारखं काय उरलंय त्याच्याकडे?"

बाबांनी चाक बंद केलं. कवळी पाण्याच्या डबीत ठेवून डबी कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि मला म्हणाले, "चल. उशीर होईल."

रंगारीकाका म्हणजे बाबांचे मित्र. लोकांच्या घरांना रंग द्यायचं काम करायचे, म्हणून सगळी वस्ती त्यांना रंगारीच म्हणायची. मैदानावर पूर्वेकडच्या स्टँडमध्ये दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी, माझ्या जन्माच्या आधीपासूनच्या. या सामन्याच्या आधीच्या हिवाळ्यात काकांना झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जुनी कवळी बसेना आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे अगदी सगळीच नव्हे. एक शब्द राहिला, 'मग?'. पाणी हवं असलं तरी 'मग?', डॉक्टर आले तरी 'मग?', राग आला तर तोच शब्द जोरात. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एखादाच शब्द वाचतो. काकू म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्याला 'मग' विचारायची संधी दिली नाही या माणसाने. आता फेडतोय."

कारण काका बोलायचे, आणि बाबा ऐकायचे. त्याला कारण होता बाबांचा नियम.

हा नियम आमच्या घरात कुणीही हसण्यावारी नेत नसे, आई सोडून. बाबा तरुण असताना एकदा सामना बरोबरीत होता आणि ते पाणी प्यायला स्टँडच्या मागे नळावर गेले. तेवढ्यात आपला गोल झाला. धावत परत येऊन बसले, तर समोरच्यांनी गोल फेडला. पुढच्या सामन्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा बाबांची खात्री पटली. आपण पाहत असलो की क्लब काही मिळवत नाही आणि मिळवलेलं टिकवत नाही. तेव्हापासून सामना बरोबरीत असला किंवा क्लब पुढे असला की बाबा उठायचे, पायऱ्या उतरून मागे नळापाशी उभे राहायचे आणि स्टँडच्या भिंतीला तळहात लावायचे. कान गेल्यावर तर त्यांना गर्जना हातानेच कळायची. भिंत हलली की आपला गोल. नुसती कण्हली की त्यांचा.

आपण मागे पडलो की मात्र परत येऊन बसायचं. बिघडलेलं आणखी काय बिघडणार? त्यामुळे झालं काय, तर क्लबचे सगळे पराभव बाबांनी डोळ्यांनी पाहिले आणि विजय एकही नाही. क्लबने एकदाच कप जिंकला, तोही बाबांनी नळापाशी उभं राहून हाताने ऐकला.

पाहायचं काम काकांचं. सामना संपला की घरी परतताना ते गोल सांगायचे. नुसते सांगायचे नाहीत, करून दाखवायचे. भर रस्त्यात बॅग खाली ठेवून, पाय उचलून, मान वळवून. कपच्या सामन्यातला गोल तर मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय की मला वाटायचं मी तिथे होते. "अरे, बॉल हवेत असा वळला, असा वळला, की गोलकीपरने नुसती टोपी काढायची बाकी ठेवली!" काका रंगाचा एकच हात मारून कधी थांबले नाहीत. कुणाचीही भिंत असो, दुसरा हात मारायचेच, वर गिऱ्हाईकाला म्हणायचे, पहिल्या हाताने भिंत झाकते, दुसऱ्याने खुलते. बाबा डोळे मिटल्यासारखे करून ऐकायचे. आई म्हणायची, "एकाने बघायचं, एकाने ऐकायचं. दोघांत मिळून एक तिकीट काढा की."

आणि क्लब तरी कसला! प्रत्येक घरात एक भाऊ असतो. दर दोन वर्षांनी येऊन सांगतो की आता मी सुधारलो. आपण विश्वास ठेवतो, त्याला जेवायला घालतो आणि महिन्याभरात तो पुन्हा पहिल्यासारखा. क्लब तसा. वर चढला म्हणेपर्यंत घसरायचा, आणि आता संपला म्हणून आपण हात झटकावेत तर एखाद्या बलाढ्य संघाला धूळ चारायचा. मी एकदा बाबांना विचारलं होतं, दुसरा एखादा बरा क्लब का नाही धरत? बाबा म्हणाले, "माझ्या दुकानात मी दुसऱ्याचे दात दुसऱ्याला बसवतो का?"

तर काकांना झटका आला तेव्हा बाबा हॉस्पिटलात गेले आणि त्यांचा हात धरून नको ते बोलून बसले. "रंगाऱ्या, तू काळजी करू नकोस. मोसमातला शेवटचा सामना मी पूर्ण बघतो. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत, खुर्चीत बसून. आणि येऊन तुला सांगतो, जसा तू सांगायचास तसा." काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हा क्लब गुणांच्या तक्त्यात आरामात मध्यावर होता, शेवटच्या सामन्याला काही अर्थ राहणार नव्हता. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. त्यानंतर क्लब जो हरत सुटला तो हरतच सुटला. आणि शेवटच्या सामन्यापर्यंत अशी पाळी आली की जिंकलो किंवा निदान बरोबरी केली तर वरच्या गटात राहू, हरलो तर खालच्या.

वाटेत मी म्हटलं, "बाबा, तुम्ही जा नळावर. मी बघते आणि काकांना सांगते."

"तुला ऑफसाइड कळतो?"

"नाही."

"मग गप बस." दहा पावलं गेल्यावर मात्र त्यांचा आवाज मऊ झाला. "शब्द दिलाय गं. तो मोबाइलवर स्कोअरसुद्धा बघत नाही. त्याच्या पोराने दाखवायला नेला तर तोंड फिरवतो. माझी वाट बघत बसतो."

मी काकांच्या खुर्चीत बसले. बाबांची खुर्ची रांगेत कडेची, पायऱ्यांना लागून. बाहेर पडायला सोपी म्हणून मुद्दाम घेतलेली. आमच्या पुढे बेकरीवाला, हा दोन माणसांची जागा घेणारा, आणि मागे नर्सबाई, ज्या क्लब खेळत असताना कुणाचंही नाव घेऊन शिव्या देत आणि नंतर माफी मागत. सगळी रांग एकमेकांना ओळखत होती, आणि सगळ्यांना बाबांचा नियम ठाऊक होता.

सामना सुरू झाला आणि बेकरीवाला मागे वळला. "काका, बरोबरी आहे. अजून इथेच?"

"आज बसायचंय," बाबा म्हणाले.

"बसायचंय म्हणजे?"

"रंगाऱ्याला सांगायचंय."

बेकरीवाला पुन्हा मैदानाकडे वळला. थोड्याच वेळात समोरच्यांनी गोल केला. कुणी बाबांकडे पाहिलं नाही, पण न पाहणंही कळतं. तरी आता आपण मागे पडलो होतो, म्हणजे नियमाप्रमाणे त्यांना बसायला मोकळीक होती. ते थोडे सैल झाले. हरताना पाहायची त्यांना सवय होती.

मी त्यांच्याकडेच जास्त पाहत होते. बाबा सामना पाठ करत होते. ओठ हलत होते, बोटांनी कोटावर काही खुणा चालल्या होत्या. कोण कुणाला बॉल देतो, कोण पडतो, कोण पंचाशी भांडतो, सगळं ते काकांसाठी गोळा करत होते. मधल्या सुट्टीत मी चहा आणला तर त्यांनी तो हातात धरून गार केला.

उत्तरार्धात आपल्याला कॉर्नर मिळाला. बॉल आत आला, सगळे उड्या मारायला लागले, कुणाच्या डोक्याला लागला, कुणाच्या नडगीला, आणि गोलजवळ पाठमोऱ्या उभ्या असलेल्या आमच्या लठ्ठ बचावपटूच्या ढुंगणाला आपटून आत गेला. त्याला स्वतःला कळलं नाही. तो शोधत होता, बॉल कुठे गेला म्हणून.

स्टँड फुटल्यासारखा झाला. बेकरीवाल्याने मला उचललंच. नर्सबाई रडत होत्या. आणि बाबा बसून होते, गोंधळलेल्या चेहऱ्याने.

"बाबा, गोल! बरोबरी!"

"एवढंच?" बाबा म्हणाले.

"काय एवढंच?"

"अगं, ढुंगणाला लागून गेला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आपल्या क्लबने बरोबरी साधलेली किंवा आघाडी घेतलेली त्यांनी पहिल्यांदा पाहिली होती. "कपच्या वेळचा... तोसुद्धा असाच असेल का गं?"

घरातली एखादी जुनी गोष्ट इतरांना ठाऊक होती आणि फक्त बाबांपासून लपवली होती, असं वाटलं. मला त्यांची फार दया आली. पण ते रागावले नव्हते. ते मान हलवत होते, आणि हळूहळू त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काही तरी हललं. "चोर," ते पुटपुटले. "गोलांनाही दुसरा हात मारायचा लेकाचा."

तेवढ्यात आजूबाजूचा गलका ओसरला आणि रांग भानावर आली. बरोबरी झाली होती. बरोबरी टिकली तर क्लब वाचत होता. बेकरीवाला हळूच वळला.

"काका," तो म्हणाला, "आता उठा."

बाबांनी खुर्चीत पाठ टेकली.

"काका, थोडाच वेळ राहिलाय. नळावर जाऊन या. पाणी पिऊन या."

"मला तहान नाही."

"उठा हो काका," मागून नर्सबाई म्हणाल्या. "पाया पडते."

मग पलीकडच्या खुर्चीतला कुणी म्हणाला, मग त्याच्या पलीकडचा. ज्यांनी जन्मभर बाबांच्या नियमाची टिंगल केली होती तेही हात जोडून उभे राहिले. एक जण तर त्यांच्या काखेत हात घालून उठवायला लागला. मी त्याचा हात झटकला. मला इतका राग आला होता की मी त्याला काय बोलले ते आठवत नाही.

बाबा अर्धवट उठले. खरंच उठले. एक हात पायऱ्यांच्या कठड्यावर होता. तिथून पायऱ्यांच्या खाली मागचा नळ दिसतो. त्यांनी नळाकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं, आणि कोटावरून खिशातली डबी चाचपली. मग खाली बसले आणि दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

"क्लब खाली गेला तर काय सांगणार त्यांना?" बेकरीवाला रडवेला झाला होता.

"जे होईल ते," बाबा म्हणाले. "पण पाहिलेलं सांगणार."

गोल झाला तेव्हा शिट्टी वाजायला अगदी थोडा अवकाश होता. समोरच्यांच्या एका सडपातळ पोऱ्याने मध्यावर बॉल घेतला, आमच्या एकाला डावीकडून चकवलं, दुसऱ्याला उजवीकडून, आणि लांबूनच पाय फिरवला. बॉल सरळ बाहेर चालला होता. मग तो वळला. हवेतच, काही घाई नसल्यासारखा वळला, आणि वरच्या कोपऱ्यातून आत शिरला. आमचा गोलकीपर जागचा हलला नाही.

स्टँड नुसता कण्हला. मला वाटलं, आता कुणी तरी बाबांना बोलणार. मी तयारीत बसले होते. पण शेवटची शिट्टी झाली, खेळाडू गवतावर आडवे झाले, आणि आमची रांग मुकाट्याने उठायला लागली. बाबा समोरच्या त्या कोपऱ्याकडे बघत होते. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर नुसतं दुःख नव्हतं.

बेकरीवाला जाता जाता थांबला. नाक पुसलं. "रंगारीकाकांना सांगा, आम्ही सगळ्यांनी विचारलंय म्हणून," तो म्हणाला आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरला.

मागे नळापाशी बाबा क्षणभर थबकले आणि सवयीने भिंतीला तळहात लावला. भिंत गार पडली होती.

"माझ्यामुळे झालं असेल का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो बाबा."

"तुला ऑफसाइडसुद्धा कळत नाही," ते म्हणाले, आणि चालायला लागले.

काकूंनी दार उघडलं. आमचे चेहरे पाहून त्या बाजूला झाल्या. काका उशांना टेकून बसले होते, गळ्यात क्लबचा मफलर. बोळकं वाकडं झालेलं. आम्हाला पाहताच म्हणाले, "मग?"

"थांब," बाबा म्हणाले. "आधी दात."

त्यांनी हात धुतले, डबीतून कवळी काढली, काकांच्या हनुवटीला आधार देऊन ती हळूच आत बसवली, बोटाने एका बाजूला दाबली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. काकांचा चेहरा पुन्हा काकांचा झाला. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मग बाबांनी पहिल्या शिट्टीपासून सुरुवात केली. काहीही सोडलं नाही. पहिला गोल सांगितला, काकांनी डोळे मिटले. कॉर्नरपर्यंत आले तेव्हा बाबा उभे राहिले. "आणि मग रंगाऱ्या, बॉल आला तो असा हवेतून, आणि आपला बचावपटू, आपला तो ढोल्या, असा झेपावला, मान अशी वळवली..."

काकांनी डोळे उघडले होते. ते बाबांकडे एकटक पाहत होते, आणि त्या डोळ्यांत जी चमक होती ती मला दारातूनही दिसली. जुन्या कारागिराला आपला माल दुसऱ्याच्या दुकानातही लगेच ओळखू येतो.

बाबांची मान तशीच वळलेली राहिली. मग त्यांनी ती सरळ केली.

"ढुंगणाला लागून गेला रे," ते म्हणाले.

काका हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग सगळा पलंग. वाकड्या तोंडाने, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाबाही हसत होते, "चोरा, इतकी वर्षं!" म्हणत होते, पण हसताना त्यांची नजर काकांच्या तोंडावर होती. कवळी हलली नाही.

हसू सरलं. काकांनी डाव्या हाताने डोळे पुसले. त्यांना काही तरी समजलं असावं, कारण या वेळी शब्द हळू आला.

"मग?"

"मग मी बसून राहिलो," बाबा म्हणाले.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. त्या वाक्याचा अर्थ जगात दोघांनाच पुरता कळणारा होता. त्यांनी डावा हात पुढे केला, आणि बाबांनी तो धरला.

मग बाबांनी हात सोडवला आणि कोट काढून खुर्चीवर टाकला. "आता बघ," ते म्हणाले. "हा मात्र खरा आहे. आईशपथ खरा. त्यांचा होता, पण काय सांगू तुला." ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. डावीकडून एकाला चकवलं, काकूंच्या स्टुलाला वळसा घालून दुसऱ्याला. दुखरा गुडघा उचलला, पाय फिरवला. हात लांब करून बॉल दाखवला, सरळ जाणारा, बाहेर चाललेला. मग तो हात हळूहळू वळवत त्यांनी कपाटाच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला. दम लागला होता. वरून रंगाचा एकही हात मारलेला नव्हता.

काकांची नजर त्या कोपऱ्यावर खिळली होती.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय," बाबा म्हणाले. हात अजून वरच होता. "पुढच्या मोसमात खालचा गट. खुर्च्या त्याच. मी बघेन, तू ऐक."